अर्धी गोळी

या प्रकरणातला रुग्ण २८ वर्षांचा, अविवाहित, डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातला. घरात आई आणि दोन भाऊ. हा दुसरा, म्हणून इथे त्याला धाकटा म्हणते आणि भावाला थोरला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. औषधाचे डोस आणि आमच्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्या आहेत. मी उत्तर गोव्यातल्या एका व्यसनोपचार केंद्रात समुपदेशक आहे. घरच्यांशी झालेलं बोलणं सगळं कोकणीतलं. लिहायला बसलं की मराठी येते, हे आमच्याकडचं जुनंच आहे.

आमच्या रजिस्टरात या रुग्णापुढे एक ओळ आहे : 'पुन्हा वापर. कारण – निश्चय कमी.' अक्षर माझं आहे. ती ओळ खोटी कशी ठरली ते सांगायला हे लिहिते आहे.

पुडीपर्यंत

२०१२ च्या पावसाळ्याअखेर गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आधी सरकारचा हुकूम आला, मग सुप्रीम कोर्टाचा. धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा होता. वडिलांचा एक टिप्पर होता, बँकेच्या कर्जावरचा. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला तो राहिलाच. दोन पावसाळ्यांनी हौद्यात तेरडा उगवला. वडील त्यातून उठले नाहीत असं आई म्हणते. कागदावर कारण हार्ट अटॅक आहे. थोरला म्हापशाला हार्डवेअरच्या दुकानात लागला, आणि धाकट्यानं बारावी अर्ध्यावर टाकून बार्देसचा किनारा गाठला.

किनाऱ्यावरचं काम ऑक्टोबर ते मे. शॅकमध्ये आधी भांडी, मग टेबलं. सकाळी नऊला सुरू, रात्री दोनला खुर्च्या उलट्या. कंबर धरायची. चौथ्या सीझनला सोबतच्या एकानं पन्नीवर ब्राऊन शुगर, म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉइन, ओढायला दिली. पहिल्या दिवशी उलटी झाली, दुसऱ्या दिवशी कंबर दुखायची थांबली. "मॅडम, मला वाटलं हे दुखण्याचंच औषध," असं तो पहिल्या भेटीत म्हणाला. अगदीच चूक नव्हतं ते. हेरॉइनचं शरीरात मॉर्फिनच होतं, आणि मॉर्फिन कॅन्सरच्या रुग्णाला दुखणं सोसवावं म्हणून देतातच. सहा महिन्यांनी एके दिवशी पुडी मिळाली नाही. नाक गळायला लागलं, हातपाय मोडून आले, जुलाब सुरू झाले. आईनं डेंगी समजून रक्त तपासून आणलं. रिपोर्ट निगेटिव्ह. रात्री मित्र पुडी घेऊन आला आणि दहा मिनिटांत 'डेंगी' उतरला.

आईच्या पिढीला 'गर्द' हा शब्द ठाऊक आहे, ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या बातम्यांतून आलेला. त्यावरून निघालेला 'गर्दुल्ला' ही तर शिवीच. पोटच्या पोराला तो शब्द लावायला तिची जीभ रेटेना. ती अजूनही 'ते पावडरचं' एवढंच म्हणते. थोरल्याचं म्हणणं, असली माणसं आपल्यात नसतात, ती पर्यटकांत असतात. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले अफूवर्गीय पदार्थ वापरणारे सव्वादोन कोटींच्या घरात निघाले आणि त्यात हेरॉइनचा वाटा सगळ्यांत मोठा होता, हे मी त्याला सांगितलं. आकड्यानं त्याचं समाधान झालं नाही. झालं असतं तर मला नवल वाटलं असतं.

आमच्याकडे येण्याआधी

तीन प्रयत्न झाले होते. पहिला घरातल्या खोलीत, बाहेरून कडी लावून. चौथ्या रात्री तो कौलं काढून पळाला.

दुसरा प्रयत्न दरवर्षी होत असे आणि घरच्यांचा सगळा विश्वास त्यावरच होता. धाकटा सोळाव्या वर्षापासून लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत घेतलेला भक्त. शिरगावच्या जत्रेआधी धोंड व्रत पाळतात : सोवळं, शाकाहार, दारू वर्ज्य, आंघोळी, आणि मग गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार, हातात वेताची काठी घेऊन पहाटे निखाऱ्यांतून चालत जायचं. व्रताच्या दिवसांत धाकटा 'सोडतो', हे आई आणि थोरला दोघांनी मला वेगवेगळं येऊन सांगितलं. त्यातून थोरल्याचा निष्कर्ष असा, की देवीसाठी पाच दिवस सोडता येतं तर कायमचं का नाही? म्हणजे याला सोडायचंच नाही.

खरं काय होतं ते धाकट्यानं मला पाचव्या की सहाव्या भेटीत सांगितलं. पहिली वर्षं व्यसन नव्हतंच, म्हणून सोडायचा प्रश्नच नव्हता. पुढची चार वर्षं तो आंघोळ करून ओल्या कपड्यांनिशी काजूच्या बनात जायचा, दगडाखाली ठेवलेली पुडी ओढायचा आणि पुन्हा आंघोळ करून इतर धोंडांत येऊन बसायचा. हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चोरी, उधारी, आईच्या पाटल्या गहाण टाकणं, हे सगळं त्यानं सरळ नजरेनं सांगितलं होतं.

तिसरा प्रयत्न पत्रादेवीच्या पलीकडच्या एका खासगी केंद्रातला. तीन महिने कुलपात. नोंदणीची पाटी नव्हती, डॉक्टर आठवड्यातून एकदा, बाकी दिवस योग आणि मार. थोरल्यानं त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं. धाकटा आठ किलो वजन वाढवून, गोरा होऊन परत आला. गावात आरती केल्यासारखं कौतुक झालं. चौथ्या दिवशी हणजुणला मित्राच्या खोलीत त्यानं पूर्वीएवढीच पुडी ओढली आणि कोसळला. ओठ निळे, श्वास मिनिटाला पाच-सहा, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मित्रांनी तोंडावर पाणी मारलं, लिंबू चोळलं. त्यातल्या एकाला १०८ ला फोन करायचं सुचलं म्हणून तो आज आहे. इस्पितळात हेरॉइनचा परिणाम तोडणारं नालॉक्सोनचं इंजेक्शन दिलं आणि तो श्वास घ्यायला लागला.

हा भाग घरच्यांना समजावणं सगळ्यांत अवघड गेलं. तीन महिने पुडी बंद राहिली की शरीर आधीची मात्रा पेलायचं विसरतं; ओढ मात्र विसरत नाही. म्हणून 'बरा होऊन' घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात. थोरल्याला यातलं एकच ऐकू आलं : एवढा खर्च केला आणि चौथ्या दिवशी मातीत घातला.

चुकलेला सोमवार

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई त्याला आमच्याकडे घेऊन आली. पहिला प्रश्न तिचा होता, पोलिसांत कळवता का? कळवत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. आणि अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४अ आहे, ते स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात, खटल्यापासून संरक्षण देतं. ती हे दोनदा वदवून घेऊन मग बसली.

डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन-नालॉक्सोनची गोळी सुचवली. ही कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळत नाही, व्यसनोपचाराची सोय असलेल्या ठिकाणीच मिळते. जिभेखाली ठेवून विरघळवायची. त्यातलं नालॉक्सोन जिभेखालून जेमतेमच शोषलं जातं. कुणी गोळी कुटून सुईनं घेतली तर मात्र ते जागं होतं आणि घेणाऱ्याची खोड मोडतं. खरं काम ब्युप्रेनॉर्फिनचं.

ते कसं चालतं हे मी कदंबाची बस डोळ्यासमोर आणायला सांगून समजावते. मेंदूत हेरॉइन ज्या जागांवर बसतं त्या सीटा. हेरॉइन चढतं, धिंगाणा घालतं आणि काही तासांत उतरून जातं. सीट रिकामी झाली की टर्की, म्हणजे पुडी न मिळाल्यावरचा तो 'डेंगी'. ब्युप्रेनॉर्फिन बसलेल्याला उठवून स्वतः बसतं आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत हलत नाही. पण धिंगाणा अर्धाच घालतं. सीट भरलेली म्हणून टर्की नाही, धिंगाणा कमी म्हणून नशा नाही, आणि श्वास मंदावण्यालाही एका मर्यादेपुढे खीळ. मेख एकच. हेरॉइन अजून सीटवर असताना गोळी दिली, तर त्याला एका दमात ढकलून बाहेर काढलं जातं आणि पुऱ्यावरून अर्ध्यावर घसरण होते. जी टर्की दिवसभरात चढत गेली असती ती अर्ध्या-पाऊण तासात अंगावर कोसळते. म्हणून शेवटच्या पुडीनंतर निदान बारा तास, जमल्यास चोवीस, थांबायचं. आणि घड्याळापेक्षा अंगावरच्या खुणांवर भरवसा ठेवायचा. त्यासाठी अकरा खुणांची गुणपत्रिका असते : नाडी, घाम, चुळबूळ, बाहुली, हाडंसांधे, नाक-डोळे, पोट, थरथर, जांभया, चिडचीड, अंगावरचा काटा.

धाकटा पहिल्यांदा आला तेव्हा जेमतेम आठ तास झाले होते. आम्ही परत पाठवला. दुसऱ्यांदा दहा. पुन्हा परत. डिचोलीहून अस्नोड्यावरून बस, मग दुसरी बस, मग उन्हात चालत. आणि हे सगळं टर्की अंगात भिनत असताना. तिसऱ्या सोमवारी त्यानं सांगितलं, काल रात्री नऊला शेवटची. प्रत्यक्षात त्याच सकाळी सहाला घेऊन आला होता, कारण न घेता बसमध्ये बसणं त्याला शक्यच नव्हतं. आमच्या नवख्या सहकाऱ्यानं गुण मोजले : नाडी १०८, घाम भरपूर, चुळबूळ, जांभया, चिडचीड. बेरीज नऊ. बरी वाटली. घाम मे महिन्याचा होता आणि नाडी बसस्टँडवरून धावत आल्याची, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहुली पाहायला हवी होती. टर्कीत बाहुली मोठी होते. याची बारीक होती. खोलीतली ट्यूबलाइट आठवडाभर गेलेली.

दोन मिलिग्रॅम जिभेखाली ठेवली. चाळिसाव्या मिनिटाला त्यानं कचऱ्याच्या डब्यात ओकायला सुरुवात केली. तासाभरात गुण सत्तावीस. टर्कीचा त्रास कमी करणारं क्लोनिडीन दिलं, उलटीचं औषध दिलं. डॉक्टर आणखी ब्युप्रेनॉर्फिन देऊन त्याला सावरायच्या तयारीत होते. पण आता ती गोळी तो तोंडात घेईना. आईच्या हाताला धरून चालता झाला. जाताना म्हणाला, "तुमचं हे विष आहे." पुढे दोन महिने किनाऱ्यावरचं एकही पोर आमच्याकडे फिरकलं नाही. आमची बातमी आमच्या पत्रकापेक्षा जलद पोचली होती.

खोटं तो बोलला, हे खरं. पण दोनदा परत पाठवलं की तिसऱ्यांदा माणूस काय बोलतो, हे आम्हाला कळायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी आईच पुन्हा आली. शॅक ३१ मे ला मोडले होते, धाकटा घरी होता, पैसे संपलेले. या वेळी आम्ही त्याला वेळ विचारली नाही. 'रविवारी दुपारपासून काही नाही' हे तिघांनी मिळून ठरवलं, रात्रीसाठी क्लोनिडीन दिलं, आणि मी आईला दर दोन तासांनी फोन केला. ती रात्रभर चुलीशी बसून पेज गरम करत राहिली. तो चार घास घ्यायचा आणि मागीलदारी जायचा. सोमवारी सकाळी थोरल्यानं त्याला दुकानाच्या टेंपोतून आणला. गुण सोळा, बाहुल्या काजूच्या बोंडासारख्या टच्च. दोन मिलिग्रॅम. मी समोर बसून होते. पंचविसाव्या मिनिटाला त्यानं नाक पुसणं थांबवलं. चाळिसाव्या मिनिटाला पाय हलवायचा थांबला. मग त्यानं विचारलं, इथे भाजी-पाव कुठे मिळतो.

पहिल्या दिवशी एकूण सहा मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी आठ. आठावर टर्की गेली, पण संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओढ यायची. पहिल्या महिन्यात त्यानं तीनदा ओढलं आणि तिन्ही वेळा येऊन सांगितलं. सीटा भरलेल्या असल्यानं काही चढलंच नाही, पैसे मात्र गेले, अशी त्याची तक्रार. डॉक्टरांनी बारा केलं. दोन मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, रोज सकाळी. ओढ बसली. यकृताच्या, एचआयव्हीच्या, हिपॅटायटिस बी-सीच्या तपासण्या ठीक आल्या. सुई त्यानं कधी घेतलीच नव्हती.

ऑगस्टपासून तो भाजीच्या पिकअपवर म्हापसा बाजाराला जाऊ लागला. चवथीला आईच्या पाटल्या सुटून घरी आल्या. दर सोमवारी थोरला आठवड्याच्या बेचाळीस गोळ्या सही करून न्यायचा आणि रोज सकाळी मोजून द्यायचा. ही व्यवस्था मीच लावली होती आणि तिचा मला अभिमान होता.

एकशे आठ आणि अर्धी

थोरला दर सोमवारी एकच प्रश्न विचारायचा : गोळी कधी बंद? मी म्हणायची, पुढे बघू, हळूहळू कमी करता येते. मला ते टाळायचं उत्तर वाटलं. त्याला तो कार्यक्रम वाटला.

एकदा त्यानं विचारलं, संमोहनानं जात नाही का, पणजीत त्याचा पुतळाच आहे की. आबे फारियाचा पुतळा, जुन्या सचिवालयाच्या बाजूचा. फारिया कांदोळीचा, जन्म १७५६ चा. आणि संमोहनाची ताकद करणाऱ्याच्या हातात नसते, ज्याच्यावर होतं त्याच्याच मनात असते, हे त्याचं म्हणणं. हे मी सांगितलं तर थोरला म्हणाला, तेच तर, मनावर घेतलं पाहिजे. वादात मी हरले.

मार्चच्या शेवटी एका सोमवारी धाकट्याची लघवी मॉर्फिनच्या पट्टीवर पॉझिटिव्ह आली. ब्युप्रेनॉर्फिनची पट्टी वेगळी असते, तीही पॉझिटिव्ह. म्हणजे गोळी चालू आणि वर पुडीही. मी रजिस्टरात ती ओळ लिहिली. धाकटा मान खाली घालून बसला होता, जांभया देत. जांभया! मी त्या पाहिल्या आणि झोप झाली नसेल असं समजले.

थोरला मात्र तयारीनं आला होता. "बघा," तो म्हणाला, "गोळी देऊनसुद्धा ओढतो." आणि पिशवीतून चहाचा एक डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "या उरलेल्या. परत घेता काय? सरकारचा माल फुकट नको जायला."

डब्यात गोळ्या होत्या. आम्ही दोघांनी वर्तमानपत्रावर ओतून मोजल्या. एकशे आठ आणि एक अर्धी. जपमाळेचा आकडा, असं तोच म्हणाला.

मग हिशोब निघाला, त्याच्या मोबाइलमध्ये कालनिर्णयच्या पानांचे फोटो होते त्यातून. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून चौकोनाचौकोनांत बॉलपेननं आकडे : दोन आठवडे पाच, दोन आठवडे चार, दोन आठवडे तीन, मग एक आठवडा अडीच. पुढच्या चौकोनांत दोन, दीड, एक, अर्धी. आणि वैशाख शुद्ध पंचमीभोवती लाल गोल, आत शून्य. जत्रेला भाऊ पूर्ण सोवळ्यात जायला हवा होता. अर्ध्या गोळीसाठी तो ब्लेड वापरायचा, देवघरात बसून, आणि चुरा सांडू नये म्हणून खाली तुळशीचं पान ठेवायचा. धाकट्याला सांगितलं होतं की डॉक्टरांनीच कमी केली आहे. बारावरून पाच मिलिग्रॅम, सात आठवड्यांत, आणि ज्याचा डोस कमी होत होता त्याला विचारलंही नव्हतं. पाच-सहा रात्री पाय झाडत जागून काढल्यावर गुरुवारी त्यानं पुडी घेतली.

त्याला रागावण्याआधी मी आमचंच आठवून पाहिलं. सात सोमवार आम्ही गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मागितल्या नव्हत्या. डोस किती घेतोस, हे आम्ही थोरल्याला विचारत होतो. घेणारा शेजारच्या खुर्चीवर बसलेला असायचा. शिवाय शंभरावर गोळ्या चहाच्या डब्यात. शेजारच्या पोरानं त्यातली एक जरी तोंडात घातली असती तर श्वास थांबण्याची भीती होती.

रजिस्टरातली ओळ बॉलपेनची आहे, खोडता आली नाही. बाजूला लिहिलं : 'डोस ५ मिग्रॅ. घरी कमी केला. आम्ही मोजलं नाही.'

डॉक्टरांनी तीन दिवसांत पुन्हा सहा गोळ्यांवर आणलं. मी थोरल्याला कागदाच्या पाठीवर चाळीस टिंबं काढून दाखवली. २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला स्वीडनचा एक छोटा अभ्यास : हेरॉइनचे चाळीस रुग्ण, समुपदेशन सगळ्यांना सारखं. वीस जणांना वर्षभर रोज सोळा मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन. वीस जणांना ते सहा दिवसांत उतरवून पुढे नुसती दिसायला तशीच गोळी. वर्षाअखेर पहिल्या वीसातले पंधरा उपचारात टिकून होते. दुसऱ्या वीसातला एकही नाही, आणि त्यातले चार मेले होते. मी चार टिंबांवर फुली मारली. थोरला बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हणजुणला तो पडला तेव्हा मी टाइल्सचं गिऱ्हाईक करत होतो. फोन दोनदा कट केला."

गोळी कधी बंद, याचं उत्तर त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट दिलं. निदान एक-दोन वर्षं नाही. त्यानंतर त्यालाच वाटलं तर, डॉक्टरांबरोबर, महिन्यामहिन्यानं. नाही वाटलं तर नाही.

जत्रा

उरला सोवळ्याचा प्रश्न, आणि तो आमच्या पुस्तकात नव्हता. अंगात गोळी असताना व्रत चालतं का? जिभेखाली विरघळते, गिळत नाही, मग उपास मोडतो का? धाकटा हे गंभीरपणे विचारत होता आणि मला उत्तर देण्याचा अधिकार नव्हता. गावातल्या एका जुन्या धोंडाकडे थोरलाच गेला. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून दाखवली : एक साखरेची गोळी, एक बीपीची. "पंधरा वर्सां. माझें सोंवळें मोडलें काय?" हे एवढं वाक्य मी कोकणीतच ठेवते.

मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती. मार्च-एप्रिल म्हणजे उराकाचे, काजूच्या ताज्या दारूचे, दिवस. प्रत्येक अंगणात बाटली. दारू आणि झोपेच्या गोळ्या ब्युप्रेनॉर्फिनबरोबर श्वासाला घातक, आणि एकट्या गोळीला असलेली ती खीळ इथे कामाला येत नाही. धाकटा पूर्वी टर्कीत कुणाच्या तरी चिठ्ठीवर आणलेल्या अल्प्राझोलामच्या झोपेच्या गोळ्या खायचा, तेही मला ठाऊक होतं. व्रतामुळे दारूचं कोडं आपोआप सुटलं. तेवढ्यासाठी तरी मी लईराईची ऋणी आहे.

पाच दिवसांच्या तीस गोळ्या आम्ही दिल्या, पाच पुड्यांत. पुडी हा शब्द उच्चारल्यावर धाकटा हसला. सकाळी आंघोळीआधी थोरला सहा गोळ्या त्याच्या हातावर ठेवायचा आणि त्या विरघळेपर्यंत समोर उभा राहायचा. काजूच्या बनाकडे तो गेला का, हे मी विचारलं. गेला होता. दगड उलटून पाहिला, खाली मुंग्या होत्या. पहाटे निखाऱ्यांतून चालला की नाही ते विचारलं नाही. आमच्या रजिस्टरात त्याचा रकाना नाही.

सध्या

उपचार सुरू होऊन दोन वर्षं होत आली. डोस बारावरच आहे. मधे एकदा त्यानं स्वतःहून दहा करून पाहिला, तीन आठवड्यांनी परत बारा मागितला; दिला. दोनदा घसरला, दोन्ही वेळा चार दिवसांच्या आत आला. बद्धकोष्ठ आहेच, पपई आणि इसबगोल चालू. एक दाढ किडली. गोळी तोंडात विरघळते, दातांना त्रास होऊ शकतो, म्हणून विरघळल्यावर पाण्यानं चूळ भरून घ्यायची आणि ब्रश तासाभरानं करायचा, हे आम्ही पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. आता सगळ्यांना सांगतो. ट्यूबलाइट बदलली आहे. परत पाठवणं बंद केलं आहे. लवकर आलेल्याला आतच बाकावर बसवतो, पाणी देतो आणि वेळ होईपर्यंत थांबतो.

गोळ्या आता धाकटाच नेतो, रिकाम्या पट्ट्या रबर लावून परत आणतो. परवाच्या गुरुवारी त्यानं चौदा दिवसांच्या मागितल्या. पिकअप सोडून एका टिप्परवर ड्रायव्हर म्हणून लागतो आहे, दर आठवड्याला सुट्टी मिळायची नाही. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या दिल्या, साठ. त्यानं खिडकीशी उभं राहून मोजल्या, सही केली आणि विचारलं, अकराव्या दिवशी रविवार येतो, तुम्ही उघडे असता काय.